अरवनाचें खळें व फुकटचीं गीतें

शास्त्रपाठ : २ शमुवेल २४:१८–२५

दावीद राजा वेदी बांधावयास अरवना यबूसी याच्या खळ्यावर गेला, तेव्हां अरवनानें बैल व सर्पणास लांकडें फुकट देऊं केलीं. राजानें तीं तशीं घेतलीं नाहींत. स्वतःचें कांहीं न वेंचतां देवास अर्पण करणें त्यास रुचलें नाहीं. त्यानें पन्नास शेकेल रुपें मोजून खळें व बैल विकत घेतले. येथें तर धनी राजी होता. मग जेथें धन्यास विचारलेंच नाहीं, तेथें काय म्हणावें?

हा प्रश्न आम्ही मोबाईलच्या संबंधानें विचारीत आहों. विकत मिळणारें गीतांचें ध्वनिमुद्रण किंवा शास्त्रावरील टीकाग्रंथ कोणीएक परवानगीवांचून उतरवून घेतो, आणि घटकेभरांत तें पांच मंडळ्यांत पोंचतें. असें करणारा बहुधा भाविकच असतो. शेजाऱ्याच्या मळ्यांतील कणीस तो मोडणार नाहीं. परंतु येथें त्याचें मन त्यास टोंचीत नाहीं. अमेरिकेंत बार्ना नामक संस्थेनें २००४ सालीं तरुणांची पाहणी केली, तींत संगीताची अशी नक्कल नीतिविरुद्ध मानणारे दहांत एकही पुरते भरले नाहींत. ख्रिस्ती तरुणांचें वर्तनही इतरांहून फारसें निराळें आढळलें नाहीं. स्वीडनांत तर नक्कल करणेंच पवित्र मानणाऱ्या 'कोपिमी' पंथाची धर्मसंस्था म्हणून सरकारदरबारीं नोंद झाल्याचें २०१२ च्या आरंभीं जाहीर झालें.

आमचे कांहीं उपदेशकबंधु निराळें समर्थन करितात. शिष्यांनीं सेवेचें मोल घेऊं नये असें प्रभूनें सांगितलें (मत्तय १०:८). मग सुवार्तेचीं गीतें वाटण्यांत दोष कोणता? या बोलण्यांत कळकळ आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु शिष्यांनीं जें द्यावयाचें, तें त्यांस मिळालेलें होतें. दुसऱ्याचें न विचारतां उचललेलें नव्हतें. शिवाय दोनच वचनें पुढें कामकऱ्याच्या अन्नाचा हक्क प्रभूनेंच सांगितला आहे. कर्ज काढून गीतें मुद्रित करणारा गायक हाही कामकरीच होय.

पैशाची अडचण खरी आहे. तुटपुंज्या वेतनांत टीकाग्रंथ कोठून घ्यावा? ग्रंथकर्त्यास दोन ओळी लिहून मागावा. मागण्यांत लाज नाहीं.

कायदाही पुष्कळांस वाटतो तितका कठोर नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें खऱ्या धर्मविधींत गीत गाणें किंवा त्याचें ध्वनिमुद्रण ऐकविणें हा अपराध नव्हे. प्रती करून वाटणें मात्र या सवलतींत येत नाहीं. ग्रंथकर्त्याचा हक्क त्याच्या मरणानंतर साठ वर्षें चालतो. रेव्हरंड टिळक १९१९ सालीं व पंडिता रमाबाई १९२२ सालीं निवर्तल्या. त्यांचीं पदें व त्यांचें शास्त्राचें भाषांतर आतां कोणीही छापावें व वाटावें. मात्र टिळकांचें पद आजच्या गायकानें गाइलें असेल, तर त्या ध्वनिमुद्रणावर निराळा हक्क असतो. तेंच पद मंडळीनें जुन्या चालीवर स्वतः गाऊन मोबाईलांत उतरवून घेतलें, तर तें खुशाल शेजारच्या गांवीं पाठवावें.