घराची झाडलोट : घटापूर्वीची व वर्षभराची

भाद्रपद वद्य अष्टमीस तुळजापुरी श्रीभवानीची मंचकी निद्रा सुरू झाली, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातील घराघरांतून एकच लगबग उडते. वाकळा, गोधड्या व चादरी यांची गाठोडी नदीवर किंवा विहिरीवर जातात. पितळेची भांडी चिंचेने घासली जातात. कोपऱ्यांतील जळमटे उतरतात. जेथे अजून मातीची भुई आहे तेथे पोतेरे व सारवण होते. घटस्थापनेच्या आत हे सारे उरकले पाहिजे, अशी गृहिणीची धडपड असते. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांतून हीच धडपड नाताळापूर्वी दिसून येते. तेव्हा या बाबतीत शेजाऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार कोणासच नाही.

इंग्लंडसारख्या थंड देशांत हे वार्षिक काम वसंत ऋतूत करण्याची चाल पडली, व तिला कारणही तसेच होते. हिवाळाभर खिडक्या बंद, आत कोळशाची शेगडी पेटलेली; त्यामुळे भिंती, पडदे, गालिचे काजळीने माखून जात. थंडी ओसरली की दारे उघडून हे सर्व बाहेर काढीत. आपल्याकडे घर कोंदते ते पावसाळ्यात. चार महिन्यांची ओल भिंतींत मुरते, अंथरुणांस वास येतो, कपाटातील चामड्याच्या जोड्यावर बुरशी चढते. आणि भाद्रपदाच्या अखेरीस कडक ऊन पडू लागते. म्हणजे आपल्या पूर्वजांनी निवडलेला काळ शास्त्रास धरूनच आहे. यहूदी लोकांतही वल्हांडण सणापूर्वी खमिराचा कणही घरात राहू नये म्हणून कानाकोपरा शोधण्याची रीत आहे. सणाच्या निमित्ताने घर स्वच्छ होते ही गोष्ट चांगलीच होय. आमची तक्रार एवढीच की, वर्षाचे काम आठ दिवसांत उरकावयाचे, व तेही घरातील एकदोन माणसांनीच, या रिवाजात काम धड होत नाही आणि करणारणीचा जीव मात्र जातो. याविषयी पुढे लिहूच. आधी कामाची रीत पाहू.

पहिला नियम वरून खाली येण्याचा. छत, मग भिंती व कोनाडे, मग फडताळे, व शेवटी भुई. हा क्रम उलटा केला की झाडलेली जमीन पुन्हा झाडावी लागते. दुसरा नियम, धूळ उडवू नये, टिपून घ्यावी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंनी 1859 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात हेच बजावले होते की, कोरड्या फडक्याने झटकलेली धूळ खोलीतच या वस्तूवरून त्या वस्तूवर जाऊन बसते. आम्ही स्वतः एके वर्षी पुस्तकांचे कपाट कोरड्या फडक्याने झटकून मोठ्या समाधानाने बसलो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुस्तकांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ होती. फडके ओले करून घट्ट पिळावे. एवढ्यास तांब्याभर पाणी पुरते. पाण्याचा हिशेब आपल्या जिल्ह्यात विसरून चालत नाही. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते दिवस ज्यांनी पाहिले ते घर धुऊन काढण्याची भाषा सहसा बोलत नाहीत.

आता छताकडे वळू. आपल्याकडील जुनी घरे माळवदाची. पावसाळ्याच्या तोंडी गळती थांबावी म्हणून माळवदावर पांढरी माती टाकीत, आणि जुनी माती न काढता नवीनच टाकीत गेल्याने थर वर्षानुवर्षे जाड होत जाई. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आपल्या जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे निजल्या जागी गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे अतोनात ओझे, ही त्या प्राणहानीची मोठी कारणे ठरली. ज्यांची घरे आजही माळवदाची आहेत त्यांनी नवी माती टाकण्यापूर्वी तितकीच जुनी उतरवावी, वर उगवलेले गवत मुळासकट काढावे, पन्हळी मोकळ्या कराव्यात, व भिंतीस भेग दिसल्यास जाणत्या माणसास दाखवावी. ज्यांची घरे पक्क्या छताची झाली त्यांनीही वर एकदा चढून पाहावे. फुटके माठ, गाडीचे जुने टायर, मोडकी खाट, असा संसार तेथे साचलेला असतो, आणि त्यात पावसाचे पाणी.

माजघर ही आपल्या घरातील सर्वांत अंधारी खोली. लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात नाणे हरवलेल्या बाईची गोष्ट आहे. तिने दिवा लावला व मग घर झाडले. लहानपणी आम्हांस वाटे, दिवा कशास? माजघरातील उतरंडीमागे हात घालून पाहिल्यावर त्या दिव्याचा अर्थ कळला. विंचू आणि उंदीर यांचे घर अंधारात व अडगळीत असते. म्हणून तेथे दिवा घेऊनच जावे, जुनी लाकडे व गोणपाट हाताने न उचलता काठीने सरकवावे, आणि पेट्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात, म्हणजे केरसुणी मागे पोहोचेल.

अंथरुणांस धुण्याइतकेच ऊन महत्त्वाचे आहे. आठवड्यातून एकदा वाकळा दुपारभर दोन्ही बाजूंनी उन्हात पडल्या तर वर्षाच्या धुण्याचा भार निम्म्याने हलका होतो. ढेकूण झाल्यास बाजेच्या सांध्यांत व विणीत उकळते पाणी घालावे, आणि एकदा करून न थांबता आठदहा दिवसांनी पुन्हा घालावे, कारण तोवर राहिलेली अंडी फुटलेली असतात.

अडगळ काढताना मात्र हात थोडा आखडता घ्यावा. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीत सापडणारी मातीची भांडी, मणी, मूर्ती अशा, इतरांनी उकिरड्यावर टाकल्या असत्या, त्या वस्तू जमविल्या. आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेथे उभे आहे. जमिनीचे कागद, जुनी पत्रे, आजोबांची वही ही रद्दीत जाण्यापूर्वी घरातील वडील माणसाने एकदा वाचून पाहावीत. फुटक्या बरण्यांना व दोन वर्षे न घातलेल्या कपड्यांना ही सवलत नाही.

स्वयंपाकघरात चूल जाऊन गॅस आल्याने काजळी कमी झाली, पण तेलकट थर राहिला. तो गरम पाणी व सोडा यांनी निघतो. धान्याच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो, कारण तीच मोडली जाते. जुन्या ज्वारीच्या उरल्यासुरल्या दाण्यांवर नवी ज्वारी ओतू नये. सोंडे किडा तळाच्या त्या मूठभर दाण्यांतच वाट पाहत असतो. कणगी वा पत्र्याची कोठी पूर्ण रिकामी करावी, फटींतील पीठ ब्रशाने काढावे, उन्हात तापवावी, आणि दाण्याखाली दात दिला असता कटकन तुटेल इतके धान्य वाळवूनच भरावे. कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर तोही पुरता वाळलेला असावा, नाहीतर ओल आपणच आत घालतो.

आता पाण्याची भांडी. आमच्या मते साऱ्या घरात हेच स्थळ सर्वांत अधिक लक्ष देण्याजोगे आहे. त्या काळी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यातील सिकंदराबादेस 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास त्याहून निराळा. तो दिवसा चावतो व घरातीलच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. जेथे नळास आठ-आठ दिवस पाणी येत नाही तेथे रांजण, पिंपे व टाक्या भरून ठेवाव्याच लागतात, आणि नेमक्या आठदहा दिवसांतच अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा असे आरोग्य खाते सांगते. लोक म्हणतात, दुष्काळात पाणी ओतून कसे द्यावे? ओतून देण्याचे कारणच नाही. दुहेरी फडक्यातून ते दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे, रिकामे भांडे आतून काथ्याने खरखरून घासावे, आणि पाणी परत भरून तोंडास फडके घट्ट बांधावे. नुसते विसळून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या कडेस चिकटलेली असतात व कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी वर चढले की फुटतात. विद्यार्थ्यांनी रांजणात विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे. वळवळणारी अळी प्रकाशापासून तळाकडे पळताना दिसली, तर हा परिच्छेद पाठ करण्याची गरज उरणार नाही.

न्हाणीघरात पुष्कळ ठिकाणी शहाबादी फरशी असते. ती चुनखडीच्या जातीचा दगड आहे. शौचकूप धुण्याच्या बाटलीतील हायड्रोक्लोरिक आम्ल तिजवर पडले की फेस येतो. घाण निघाली असे वाटते, पण निघतो तो दगड. फरशी खडबडीत झाली की मळ अधिकच धरते. आणि ब्लीचिंग पावडर व हे आम्ल कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो.

ढेळज, अंगण व गोठा यांविषयी फार लिहीत नाही. ती जागा लोकांच्या नजरेस पडते, म्हणून बहुधा झाडलेली असतेच.

आता ती राहिलेली तक्रार. आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर घटस्थापनेपूर्वीच्या आठवड्यात एक गोष्ट दरवर्षी दिसते. मुलांच्या नावांपुढे हजेरी असते, मुलींच्या नावांपुढे तीन-तीन, चार-चार दिवस गैरहजेरी. चिठ्ठीत "घरकाम" एवढाच शब्द. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि त्याच दिवसांत नववीतील मुलगी ओल्या वाकळा पिळीत असते. भिजलेली वाकळ दोघा धडधाकट माणसांसही आवरत नाही, हे ज्याने ती उचलली आहे त्यास ठाऊक आहे. तिचा भाऊ मात्र त्या दिवशी गणिताच्या तासास आमच्यासमोर बसलेला असतो. त्यास आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, ते बायकांचं काम आहे." दोष त्याचा नव्हे, त्यास कोणी दुसरे सांगितलेच नव्हते. वर्ग झाडण्याची पाळी मुलामुलींस सारखी असते आणि तेथे तो उत्तम झाडतो.

पालकांस आमची विनंती अशी की, ऑगस्टपासूनच्या रविवारी एकेक खोली वाटून घ्यावी. पहिल्या रविवारी छत व माळा, पुढल्यास माजघर, मग धान्याची कोठी. वाकळा सहा असतील तर उघाड पडेल त्या आठवड्यास दोन. जड उचलणे व उंच चढणे बापाने व मोठ्या मुलाने करावे. कोरडा दिवस सांभाळणे हे काम घरातील सर्वांत धाकट्यास द्यावे, कारण रांजणात डोकावण्याची हौस त्यासच असते. गेल्या वर्षी एका पालकांनी असे करून पाहिले. ते आम्हांस सांगत होते की, तेरणेवर वाकळ धुण्यास बापलेक गेले, तेव्हा काठावरच्या बाया बराच वेळ हसत होत्या. मग त्यांतल्याच एकीने पुढे होऊन, वाकळ आपटावयाची कशी, ते त्यांस दाखविले.