आज्ञावलीत राहून गेलेली किल्ली

अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे हे माहेर. भावाने ठरवलेले लग्न टाळण्यासाठी तिने येथून एका विश्वासू ब्राह्मणाकरवी श्रीकृष्णाला निरोप धाडला आणि लग्नाआधी आपण देवीच्या दर्शनाला केव्हा जाऊ ते कळवले, ही कथा तुम्हांला ठाऊक आहेच. तो निरोप वाटेत तिच्या भावाच्या, रुक्मीच्या, कानी पडला असता तर? आणि त्याच्या नकला आपोआप होऊन गावोगावच्या चावडीवर लागल्या असत्या तर? संगणकाच्या जगात असे रोज घडते.

कसे ते पाहू. समजा, कापसाचे भाव मोबाइलवर कळवणारी एक आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, तुम्ही लिहिलात. संदेश पोचवणारी कंपनी त्यासाठी तुम्हांला एक किल्ली देते. ही किल्ली लोखंडाची नव्हे. ती असते अक्षरे आणि अंक यांची एक लांबलचक माळ. ती दाखवली की कंपनीचा संगणक काम करतो आणि बिल तुमच्या नावावर पडते. घाईत तुम्ही ती किल्ली प्रोग्राममध्येच लिहून ठेवता. पुढे तो मित्रांना दाखवावा म्हणून 'गिटहब'सारख्या सार्वजनिक कोठारात ठेवता. झाले! किल्ली जगजाहीर झाली.

हे केवळ नवशिक्यांच्या हातून होते असे समजू नका. टोयोटा कंपनीच्या एका संकेतस्थळाच्या प्रोग्रामचा भाग डिसेंबर 2017 पासून सप्टेंबर 2022 पर्यंत असाच उघड्यावर पडून होता आणि त्यात माहितीसाठ्याची किल्ली होती. 2,96,019 ग्राहकांचे ई-मेल पत्ते त्यामुळे धोक्यात आले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना 2019 मध्ये एक लाखाहून अधिक कोठारांत अशी गुपिते सापडली.

इतका मजकूर माणसाने वाचणे अशक्य. म्हणून हे काम प्रोग्रामकडेच सोपवतात. 'गिटलीक्स' आणि 'ट्रफलहॉग' ही अशी दोन साधने. दुसऱ्याचे नाव मोठे गमतीचे आहे. ट्रफल हे जमिनीखाली वाढणारे महागडे भूछत्र. युरोपात ते वासावरून हुडकण्यासाठी डुकरे वापरत. पण किल्लीला वास कुठला? यंत्राने ती ओळखायची कशी?

पहिली खूण ठेवणीची. मोटारीच्या पाटीवर एम-एच 27 दिसले की गाडी अमरावतीची, हे तुम्ही लगेच ओळखता. तसेच ॲमेझॉनच्या कायम वापराच्या किल्लीबरोबर 20 अक्षरांचे एक ओळखनाव येते आणि त्याची सुरुवात ए-के-आय-ए या चार अक्षरांनी होते. अशी माळ दिसली की यंत्र घंटा वाजवते. मात्र या ओळखनावाची जोडीदार असलेली 40 अक्षरांची खरी गुप्त किल्ली कोणत्याही ठरावीक अक्षरांनी सुरू होत नाही. तिथे ही चाळणी निरुपयोगी.

दुसरी खूण विस्कळीतपणाची. क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये तो मोजण्याची रीत दिली. त्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. कल्पना सोपी आहे. आठ सारख्याच शक्य गोष्टींपैकी एक ओळखायला 'हो-नाही'चे तीन प्रश्न पुरतात, म्हणून माप 3. माळेतले एखादे अक्षर चारातून एकदा येत असेल तर त्याचे प्रश्न 2, सहातून एकदा येत असेल तर 2.585, बारातून एकदा येत असेल तर 3.585. (दोन पायाचे लॉगॅरिथम ज्यांना येतात त्यांनी ताळा पाहावा.) सर्व अक्षरांची सरासरी काढली की माळेचे माप मिळाले.

कौंडण्यपूर हे नाव इंग्रजी लिपीत लिहा: के, ए, यू, एन, डी, ए, एन, वाय, ए, पी, यू, आर. बारा जागा. ए तीनदा, यू आणि एन दोन-दोनदा, बाकी पाच अक्षरे एकेकदा. सरासरी येते सुमारे 2.86. यदृच्छया केलेल्या 40 अक्षरांच्या किल्लीचे माप बहुधा 4.5 च्या वर जाते, कारण तिच्यात तीच ती अक्षरे फारशी येत नाहीत. ट्रफलहॉगच्या पहिल्या आवृत्तीत अशा माळांसाठी 4.5 हीच मर्यादा होती.

आता एक मजा पाहा. 2 चा 4.5 वा घात सुमारे 22.6 येतो. म्हणजे ही मर्यादा ओलांडायला किमान 23 वेगवेगळी अक्षरे हवीत. वरच्या 20 अक्षरांच्या ओळखनावाला ते कधीच साधणार नाही! एका चाळणीतून जे सुटते ते दुसरीत अडकते; म्हणून दोन्ही लागतात. आणि कोणी 'रुक्मिणी123' असा पासवर्ड ठेवला तर तो दोन्हींतून सहज गळतो. त्यासाठी शेजारी 'पासवर्ड' असा शब्द आहे का, हे पाहणारे तिसरे नियम लिहावे लागतात. उलट, फायलींच्या ओळखखुणा म्हणून वापरले जाणारे लांब आकडे निरुपद्रवी असूनही घंटा वाजवतात. खोट्या घंटा फार झाल्या की माणसे खरीकडेही काणाडोळा करतात. म्हणून गिटहबने 2021 पासून आपल्या किल्ल्यांत शेवटची सहा अक्षरे पडताळणीची ठेवली. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही असाच पडताळणीचा असतो.

किल्ली दिसताच पुसून टाकली तर? येथे पुन्हा कौंडण्यपूर आठवा. 1960 च्या दशकात पुराविद मोरेश्वर दीक्षित यांनी तेथील टेकाडात उत्खनन केले, तेव्हा जुन्या वस्त्यांचे थर एकाखाली एक निघाले. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये रचलेली 'गिट' ही नोंदपद्धती असेच थर जपते. आज ओळ पुसलीत तरी कालच्या थरात ती शाबूत राहते आणि ज्यांनी कोठाराची नक्कल घेतली त्यांच्याकडेही राहते. म्हणून शोधसाधने सर्व थर उकरतात. थर खरवडून काढता येतात, पण दुसऱ्यांच्या नकलांना हात लावता येत नाही. तेव्हा आधी कंपनीकडून ती किल्ली रद्द करवून नवी घ्यावी लागते, साफसफाई नंतर. याहून चांगली सोय म्हणजे हीच चाळणी आपल्या संगणकावर बसवणे. नवा थर चढण्यापूर्वीच ती अडवते.

शिक्षकांनी वर्गात करून घ्यावे असे एक गणित: अचलपूर हे नाव इंग्रजी लिपीत आठ अक्षरांचे होते आणि त्यात ए दोनदा येतो. त्याची एन्ट्रॉपी काढा. लॉगॅरिथमची पुस्तिका लागणार नाही. उत्तर 2.75 यावे.