एका धावेची हार आणि चार-एकची हार

प्रश्न : माझा मुलगा बास्केटबॉल खेळतो. शाकिल ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन एकाच संघात असूनही लेकर्स २००४ ची अंतिम मालिका हरले, हे त्याला पटत नाही. मला मात्र २०१७ चा आपला पुण्याचा आयपीएल संघ आठवतो. दोन्ही पराभव एकाच जातीचे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : माझ्या मते नाहीत.

आधी आपली जखम. स्मिथ, धोनी, रहाणे असा तो संघ. साडेचौदा कोटींचा बेन स्टोक्स इंग्लंडकडून खेळायला बाद फेरीआधीच परतला होता, तरी पुणे अंतिम फेरीत पोचलं. २१ मे २०१७, हैदराबाद. मुंबई १२९. शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या, मिचेल जॉन्सनच्या पहिल्याच चेंडूवर मनोज तिवारीने चौकार मारला. पुढच्या दोन चेंडूंवर तिवारी आणि स्मिथ दोघेही झेलबाद. शेवटच्या चेंडूवर चार हव्या असताना दोन झाल्या आणि तिसरी घेताना फलंदाज धावबाद. पुणे १२८. त्या रात्री झोप न लागलेल्यांपैकी मीही एक. पण त्या मोसमात त्याच मुंबईला पुण्याने आधी तिन्ही वेळा हरवलं होतं! चारांपैकी तीन सामने आपले, करंडक त्यांचा. एका रात्रीच्या खेळात हे घडतं.

बास्केटबॉलची अंतिम मालिका सातांपैकी चार सामने जिंकणाऱ्याची. एखादा झेल, एखादी उसळी तिथे निकाल फिरवायला पुरत नाही. रात्री हरलेला प्रशिक्षक सकाळी डाव बदलतो. म्हणून डेट्रॉइट पिस्टन्सकडून झालेली ती ४-१ ची हार नशिबावर ढकलता येत नाही. मलोनचा गुडघा दुखावला होता, पाचव्या सामन्यात तो खेळलाच नाही, हे मान्य. पण दुखणं त्याहून खोल होतं. पहिल्या सामन्याचे आकडे बघा : लेकर्सचे ७५ गुण, त्यांत ओनीलचे ३४, ब्रायंटचे २५. उरलेल्या सगळ्यांचे मिळून सोळा! डेट्रॉइटचे प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी ओनीलला बहुतेक वेळ एकट्या बेन वॉलेसच्या हवाली केलं. ओनील गुण करणारच, हे धरून बाकीच्यांना मोकळं सोडायचं नाही, हा डाव. टेशॉन प्रिन्सचे लांब हात ब्रायंटसमोर. नावाजलेले चौघे होते, पण चेंडू एकच. पेटनसारख्या चेंडू हातात ठेवून खेळणाऱ्याला कोपऱ्यात उभं राहावं लागलं.

मुलाला तिसरा सामना दाखवा, ८८-६८ चा. ब्रायंटला त्यात अकराच गुण मिळाले, डेट्रॉइटच्या रिचर्ड हॅमिल्टनला एकतीस. बास्केटकडे नको, चेंडू हातात नसताना हॅमिल्टन किती पळतो तिकडे बघायला सांगा.