टेस्टोस्टेरॉन कमी, म्हणून इंजेक्शन घेऊ का?

प्रश्न : वय ३४. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. शुक्रजंतू कमी, टेस्टोस्टेरॉनही कमी. जिममधले मित्र टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे म्हणतात. घेऊ का?

उत्तर : मूल हवं असेल तर मुळीच नको. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडणं जवळजवळ थांबवते. त्यांच्याविना वृषणांतलं काम मंदावतं आणि शुक्रजंतू शून्यावरही येऊ शकतात. (जिममधला सल्ला फुकट असतो, एवढंच त्याचं कौतुक.) आधीच घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

सकाळी टेस्टोस्टेरॉन पुन्हा तपासा. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन. एलएच-एफएसएच कमी असतील तर एचसीजी आणि गरजेनुसार एफएसएचची इंजेक्शनं चांगला गुण देतात, पण सहा महिने ते दोन वर्षंही लागतात. प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल तर बहुधा कॅबर्गोलिन हे औषध. क्लोमिफिनच्या गोळ्यांनी टेस्टोस्टेरॉन वाढतं, शुक्रजंतू वाढतीलच असं नाही. एफएसएच खूप वाढलेलं असेल तर दोष वृषणांतच. तिथे औषधांकडून फार अपेक्षा नको. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून दर पंधरवड्याला वीर्यतपासणी करून जीव टांगणीला लावू नका. पत्नीच्या तपासण्या मात्र लांबवू नका.