इंजिन नंतर बघू, आधी रेडिएटरचं झाकण उघड

अगं, परवा तुझा फोन ठेवला आणि माझं जेवणात लक्षच लागलं नाही. पाटसच्या टोलनाक्याअलीकडे तुझी स्कॉर्पिओ तापून बंद पडली, टोचन करून यवतला आणली. मिस्त्रींनी बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगून टाकलं की इंजिन गेलं, गिअरबॉक्सही वाजतोय, दोन्ही बदला. दीर म्हणतात भंगारात घाला. सासूबाईंना पालखीच्या मुक्कामाआधी गाडी दारात हवी. त्यात पुण्याच्या कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर इंजिनाचा फोटो पाठवलाय आणि ‘आज टोकन दिलं तरच ठेवतो’ म्हणून लकडा लावलाय. टोकन देऊ नकोस. आज नाही, उद्याही नाही.

खरं सांगू का, तुला त्या शब्दांचीच जास्त धास्ती बसलीय. क्रँक, हेड, सिंक्रो रिंग असलं ऐकलं की वाटतं आपलं हे कामच नव्हे. पण तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा गावाबरोबर तुझ्याही घरी पिठलं-भाकरीचा घाट असतो. पीठ किती लागेल, भाकऱ्या कोण थापेल, पिठलं कशात नेशील, सगळं तू आठ दिवस आधी ठरवून मोकळी होतेस. इंजिनाचं कामही तसंच आहे गं. काय आधी आणि काय नंतर एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

माझं सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या गाडीचं असंच झालं होतं. उसाची तोड चालू होती, गाडीवाचून सगळं अडलेलं. मी घाई केली. एका ठिकाणाहून जुनं इंजिन आणलं, चार दिवसांत बसवून घेतलं आणि सुटले एकदाची म्हणाले. आधीचं इंजिन कशाने गेलं, हे मी विचारलंच नाही. रेडिएटर जुनाच, पाण्याचा पंप जुनाच. चार महिन्यांत दिवे घाटात तेही तापलं आणि हेड गॅस्केट फुटलं. तुझे दाजी एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणून तुला आधीच सांगतेय.

तर उद्या सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघड. गरम असताना चुकूनही हात लावू नकोस. शिट्टी न उतरवता कुकर उघडण्यासारखंच आहे ते. आत वाकून बघ, बोट फिरव. कूलंट असेल तर हिरवा किंवा गुलाबी रंग दिसेल. तपकिरी गाळ आणि पांढरी खरपुडी लागली, तर समज की वर्षानुवर्षं त्यात बोअरचं पाणी ओतलंय. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने पातेल्याच्या तळाला जसे क्षार धरतात, तसेच ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतात. बाहेरून जाळीत उसाचं पाचट, धूळ आणि किडे अडकलेले असतात ते वेगळेच. मग पाणी फिरत नाही, हवा लागत नाही आणि इंजिन तापतं. आता ऑइलची पट्टी ओढ. ऑइल दुधाच्या चहासारखं फिकट झालं असेल, तर पाणी त्यात मिसळलंय. त्याचा अर्थ हेड गॅस्केट फुटलं, हेड वाकलं किंवा तडा गेला. यातलं नक्की काय ते इंजिन उघडल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही. पाच मिनिटांत तर नाहीच नाही.

म्हणून मिस्त्रींना म्हण, ‘दादा, आधी हेड उतरवा आणि मला दाखवा.’ हे म्हणायला लाजू नकोस. हेडवर सरळ पट्टी ठेवून फटीत फीलर गेज घातला की ते किती वाकलंय ते कळतं. ब्लॉकला तडा नसेल आणि क्रँक घासून मापात येत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. दुसरं इंजिन शोधूच नकोस, आपलंच पूर्ण उघडून बांधून घे. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. ब्लॉक तोच राहिला की नंबर तोच, आरसी तीच, विम्याला काही सांगायला नको. शिवाय या इंजिनाने काय भोगलंय ते तुला माहीत आहे. परक्या इंजिनाचं काय माहीत?

एक मात्र नीट विचारून घे. ‘हाफ इंजिन’ करायचं की ‘फुल’? हाफमध्ये बहुतेक ठिकाणी रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट बदलून काम भागवतात. फुलमध्ये ब्लॉक लेथवर जातो, सिलिंडरचा बोअर तपासतात, क्रँक घासून त्या मापाची जाड बेअरिंग बसवतात. पण प्रत्येक गॅरेजचा हाफ आणि फुल वेगळा असतो बाई. कोणता पार्ट नवीन, कोणता जुना, कोणत्या कंपनीचा, हे सगळं कागदावर लिहून घे. क्रँक 0.25 मिलिमीटर घासली का 0.50, तेही लिहायला लाव. पुढच्या मिस्त्रीला ते लागेल.

ब्लॉकच गेला असेल तर मात्र दुसरं इंजिन आलं. इथे तुझी आरसी समोर घेऊन बस. बाजारात ‘स्कॉर्पिओचं इंजिन’ एवढंच सांगितलंस तर काहीही हातात येईल. ही गाडी 2002 पासून रस्त्यावर आहे. सुरुवातीच्या गाड्यांत 2609 सीसीचं इंजिन होतं, नंतरचं एमहॉक इंजिन 2179 सीसीचं. तुझी गाडी 2011 ची, तेव्हा आरसीवर 2179 लिहिलंय का ते बघ. तेवढ्यानेही भागत नाही. 1 एप्रिल 2010 ला देशातल्या 13 शहरांत भारत स्टेज चारचा नियम आला. त्यात आपलं पुणे होतं आणि सोलापूरही होतं. बाकी देशात बरीच वर्षं स्टेज तीनच्याच गाड्या विकल्या जात होत्या. म्हणजे त्याच वर्षाची, त्याच नावाची दोन इंजिनं दिसायला बहिणी-बहिणी, पण धुराच्या नियमाप्रमाणे त्यांचे सेन्सर आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वेगळे असू शकतात. वायरिंगचा एक कनेक्टर जुळला नाही की गाडी गॅरेजात पंधरा दिवस उभी, आणि मिस्त्री इलेक्ट्रिशियनवर ढकलतो, इलेक्ट्रिशियन मिस्त्रीवर. आपला ईसीएम आपल्याकडेच ठेव. गाडीची चावी त्याच्याशी जुळवलेली असते.

फोटोवर इंजिन घ्यायचं नाही, हे तर तुला कळलंच असेल. नाना पेठेत जा, मंगळवार पेठेत जा, मुंबईला कुर्ल्याला जा, कुठेही जा, पण चालू करून दाखवल्याशिवाय पैसे काढू नकोस. आणि थंड असताना चालू कर. तू पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर आजार झाकला जातो. चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघ. फुसफुस धूर येत असेल, झाकण उडायला बघत असेल, तर रिंगा गेल्यात. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नाही आणि गोडसर वास येतो, म्हणजे कूलंट जळतंय. काळ्या धुराचं मूळ इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या फिल्टरमध्ये निघू शकतं, तो दुरुस्त होणारा आजार आहे. कॉम्प्रेशन मोजायला सांग. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एकच खाली पडलेला असेल तर ते इंजिन तिथेच सोडून ये.

नंबर हाताने चाचपून बघ गं. घासल्याच्या, पुन्हा ठोकल्याच्या खुणा असतील तर एक मिनिटही थांबू नकोस. इंजिन ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत किंवा नोंदणी रद्द झाल्याचा कागद माग, आणि इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल. चोरीच्या गाडीचं इंजिन दारात आलं तर पोलिसांचे प्रश्न तुला उत्तरावे लागतील.

मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे इंजिन बदललं की चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. आपला दौंड तालुका बारामतीच्या कार्यालयाखाली, एमएच 42. मी तर म्हणेन, इंजिन आणायच्या आधीच तिथे जाऊन कागद कोणते लागतात ते विचारून ये. विमा कंपनीलाही नवा नंबर लेखी कळव. आणि कुणी दुसऱ्या मॉडेलचं जास्त ताकदीचं इंजिन बसवू म्हणालं, तर ते डोक्यातून काढून टाकायला सांग. गाडी कंपनीने नमूद केलेल्या तपशिलापेक्षा वेगळी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत स्पष्ट केलंय.

अजून एक तारीख बघ. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवायची. 2011 ची गाडी म्हणजे 2026. एप्रिल 2022 पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क 600 वरून 5000 झालं. फी भरण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तेव्हा गाडी तपासतात. चेसिस गंजली असेल तर इंजिनावर खर्च करण्यात अर्थ नाही. गाडी रॅम्पवर घेऊन खालून टॉर्च मार, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ. पत्रा आत गेला तर दिरांचं ऐक, आणि गाडी सरकारमान्य स्क्रॅप केंद्रातच दे, म्हणजे रद्द झाल्याचा कागद मिळेल. चेसिस टणक असेल तर मात्र कुणाचं ऐकू नकोस.

आता गिअरबॉक्स. इंजिन उतरवताना तो सुटतोच, त्यामुळे मजुरी एकदाच लागते. म्हणून दोन्हींचा निर्णय एकत्र घे. पण ‘वाजतोय’ एवढ्यावर बदलायचा नाही. कधी नुसतं रिलीज बेअरिंग वाजत असतं. क्लच दाबल्यावर आवाज येतो का सोडल्यावर, ते आठव. दाबल्यावर येत असेल तर संशय बेअरिंगवर. क्लच सोडून न्यूट्रलमध्ये घरघर येत असेल तर गिअरबॉक्स.

त्याचं ऑइल पांढऱ्या ताटात काढायला सांग आणि ताट उन्हात धर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काळ्या तेलात सोन्याचा वर्ख विरघळल्यासारखं चमकत होतं. ती पितळेची भुकटी. सिंक्रो रिंगा झिजल्या की ती येते, आणि मग गिअर टाकताना करकर होते. रिंगा बदलता येतात. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मऊ काळा लेप असेल तर चालतं. पण तिथे पोलादाच्या कपच्या, तुटलेल्या दातांचे तुकडे सापडले, तर दुसरा गिअरबॉक्स घे. घेताना 2014 च्या आधीच्या गाडीचाच बघ. त्या वर्षी नवी स्कॉर्पिओ आली, नाव एमहॉकच राहिलं, पण चेसिसबरोबर गिअरबॉक्सही बदलला. तुझी गाडी टू व्हील ड्राइव्ह आहे, तेव्हा फोर व्हीलचा खोका कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर घेऊ नकोस. मागचा जोड निराळा असतो.

दोन्ही खाली असताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील नवीनच टाक. इथे काटकसर करू नकोस. सीलची किंमत किरकोळ, पण ते गळायला लागलं की त्याच्यासाठी पुन्हा सगळं उतरवावं लागतं. रेडिएटर साफ किंवा नवा, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज पाईप, हेही याच वेळी करून घे. आणि कूलंट. बोअरचं पाणी पुन्हा नाही हं.

मिस्त्री गाडी ताब्यात देतील तेव्हा गॅरेजच्या दारात रेस मारून दाखवतील. त्यावर समाधान मानू नकोस. त्यांना शेजारी बसव आणि भुलेश्वरचा चढ चढ. त्या वळणांवर सगळं कळतं. तापमानाचा काटा मधल्या खुणेवर ठरतो का वर सरकतो, इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही असं होतं का, म्हणजे क्लच घसरतोय. वर पोचल्यावर पाच मिनिटं थांब, खाली वाकून गळती बघ. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून. गिअर आपोआप उडाला तर तिथूनच परत गॅरेजला. नाही उडाला तर हायवेने चौफुल्यापर्यंत पाचव्यात जाऊन ये. उरलेले पैसे यानंतर दे.

पहिले हजार किलोमीटर सत्तरच्या पुढे जाऊ नकोस, काही ओढायला लावू नकोस आणि हजाराला ऑइल बदल.

सासूबाईंना मी स्वतः फोन करते. पालखीला पाहुण्यांना आणायला आमची गाडी घेऊन जा, चावी काढून ठेवलीय. तू फक्त हेड उतरवलं की मला फोटो पाठव, आणि रविवारी आरसी घेऊन घरी ये.