दोन विमानतळांमधील अंतर व प्रवासाचा काळ
(वरच्या वर्गांसाठी पाठ-टिपण)

बेलोरा येथील अमरावती विमानतळावर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तेव्हा काळ, अंतर व वेग यांची उदाहरणे घालताना शिक्षकबंधुभगिनींना आता आगगाडीच्या जोडीला आपल्याच मुलखातील विमानही घेता येईल. मात्र ते उदाहरण खरे असावे.

प्रथम अंतर. अकोल्याचा शिवणी विमानतळ २० अंश ४२ कला उत्तर अक्षांशावर व ७७ अंश ४ कला पूर्व रेखांशावर आहे. बेलोरा २० अंश ४९ कला व ७७ अंश ४३ कला येथे. अक्षांशाची एक कला म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे रेखांशाची कला १.७३ किलोमीटरच भरते. यावरून बेलोरा हे शिवणीच्या पूर्वेस ६८ व उत्तरेस १३ किलोमीटर ठरते. एका सेंटिमीटरास ५ किलोमीटर हे प्रमाण धरून मुलांकडून पाटीवर काटकोन काढवावा. आडवी बाजू १३.६ व उभी २.६ सेंटिमीटर घेतली, की तिरकी बाजू पट्टीने जवळजवळ १४ भरते. म्हणजे हवाई अंतर सुमारे ७० किलोमीटर झाले. अकोला ते बडनेरा लोहमार्ग ७९ किलोमीटरांचा आहे. ही तुलना मुलांना आवडते.

आता काळ. मुंबईच्या मार्गावरील ए.टी.आर. जातीचे पंख्याचे विमान उंचीवर गेल्यावर ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते. ७० ला ५०० ने भागून मुले साडेआठ मिनिटे असे उत्तर देतील. भागाकार बरोबर, पण उत्तर खोटे. कारण तेवढ्या वेळात विमान आपली उंचीही गाठीत नाही. शिवाय शिवणीहून नियमित प्रवासी सेवा नाही. तेथील धावपट्टी सुमारे १४०० मीटर, तर बेलोऱ्याची १८५० मीटर आहे.

बेलोरा ते मुंबई हे अंतर सुमारे ५४० किलोमीटर. याच रीतीने भागिले तर एक तास पाच मिनिटे येतात. परंतु सेवा सुरू झाली त्या वेळच्या वेळापत्रकात पावणेदोन तास दिले होते. उरलेली चाळीस मिनिटे कोठे गेली, हा प्रश्न वर्गापुढे टाकून थोडे थांबावे. धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, चढणे, वळसा घेऊन उतरणे, मुंबईसारख्या गजबजलेल्या ठिकाणी आकाशात वाट पाहणे, या साऱ्यांचा त्यात हिशेब असतो. म्हणून सरासरी वेग ताशी सुमारे ३०९ किलोमीटरच पडतो. सर्वाधिक वेग व सरासरी वेग यांतील भेद बैलगाडीपेक्षा येथे लवकर उमगतो, असे आमचे मत आहे.

शेवटी स्वाध्याय. अकोल्याचा प्रवासी मोटारीने दोन तासांत बेलोऱ्यास पोचला, तेथे एक तास थांबला व विमानाने मुंबईस गेला, असे समजा. एकूण काळ काढा. रेल्वेस्थानकावरील वेळापत्रकातून अकोला ते मुंबई आगगाडीचा काळ उतरवून दोहोंची तुलना करा. आरंभी हे विमान आठवड्यातून तीनच दिवस होते. विमान नसलेल्या दिवशी निघणाऱ्याचा हिशेबही मांडा.