घळीवरचा लाकडी पूल

स्वित्झर्लंडच्या आग्नेय भागात, आल्प्स पर्वताच्या कुशीत ग्राउब्युंडन नावाचा प्रांत आहे. तेथे ऱ्हाइन नदीच्या उगमाकडील एक प्रवाह अत्यंत अरुंद व खोल दरीतून खळाळत वाहतो. दोन्ही बाजूंना उंच कडे, उतारांवर सूचिपर्णी वृक्षांचे दाट अरण्य आणि तळाशी काळोख, असे त्या दरीचे रूप आहे. तिचे नाव ‘व्हिआमाला’. त्याचा अर्थ ‘वाईट वाट’. आल्प्स ओलांडून इटलीकडे जाणारे वाटसरू आणि ओझी वाहणारी जनावरे रोमन काळापासून या बाजूने ये-जा करीत. त्यांनी सोसलेल्या कष्टांची आठवण या नावात राहिली आहे.

पुढे मोठे रस्ते झाले आणि जुनी पायवाट ओस पडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस, पायी हिंडणाऱ्या प्रवाशांसाठी ती पुन्हा मोकळी करण्याचे ठरले. परंतु वाटेत ट्राव्हर्सिना नावाची एक आडवी घळ होती. ती ओलांडण्यासाठी साकव हवा होता. त्याची रचना करण्याचे काम युर्ग कोन्झेट या अभियंत्याकडे आले.

काम लहान दिसत असले, तरी सोपे नव्हते. त्या जागी गाडी जाण्याजोगा रस्ता नव्हता. सामान नेण्यासाठी रस्ता करावा, तर झाडे तोडावी लागणार आणि उतार खणावा लागणार. ज्या अरण्याच्या ओढीने प्रवासी येणार, त्याचीच हानी होणार. घळीच्या मधोमध खांब उभारणेही शक्य नव्हते. तेव्हा पुलाचे मोठे भाग हेलिकॉप्टरने आणावयाचे ठरले. हेलिकॉप्टर ठरावीक वजनच उचलू शकते. म्हणून पूल भक्कम असूनही हलका असणे अवश्य होते.

त्यासाठी त्याने लाकूड आणि पोलाद यांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे कामे वाटून दिली. पोलादी दोर ओढला असता सहजी तुटत नाही. लाकडी दांडा दाबला असता सहजी चिरडत नाही. धनुष्याप्रमाणे खाली वाकलेल्या पोलादी दोरांनी ताण सोसावा, त्यांवर उभ्या असलेल्या लाकडी दांड्यांनी दाब सोसावा आणि सर्वांच्या वर माणसाने निर्धास्तपणे चालावे, अशी ती रचना होती. १९९६ साली ४७ मीटर लांबीचा हा पूल तयार झाला.

पुलासाठी लार्च वृक्षाचे लाकूड वापरले होते. हा वृक्ष आल्प्सच्या उतारांवर वाढतो आणि त्याचे लाकूड टिकाऊ असते. रंग न देता ते उघड्यावर ठेवले, तर ऊनपावसाने काही वर्षांत राखाडी होते व भोवतालच्या खडकांशी आणि खोडांशी मिळून जाते. मात्र पावसाची काळजी घ्यावी लागते. लाकूड भिजल्याने कुजत नाही. ते ओले राहिल्याने कुजते. म्हणून अशा पुलात वरच्या फळ्या व कठडे खालच्या भागांवर छपरासारखे ठेवतात, सांध्यांत पाणी साचू देत नाहीत आणि एखादा दांडा खराब झाल्यास तेवढाच बदलता येईल अशी सोय करतात.

इतकी काळजी घेऊनही हा पूल फार काळ टिकला नाही. १९९९ साली कड्यावरून दरड कोसळली आणि अवघ्या तीन वर्षांचा तो पूल नष्ट झाला. पुलाच्या लाकडात किंवा सांध्यांत खोट नव्हती; पण कोसळत्या खडकांपुढे असा हलका पूल टिकणे शक्यच नव्हते. जुनी वाट पुन्हा तुटली.

पुन्हा पूल बांधावयाचा, तर आधी जागा पाहणे भाग होते. दरडीचे भय नाही अशी जागा त्याच घळीत शोधण्यात आली. परंतु तेथे नवीच अडचण उभी राहिली. घळीचे दोन्ही काठ सारख्या उंचीवर नव्हते. एक काठ दुसऱ्यापेक्षा सुमारे २२ मीटर उंच होता. सपाट पूल बांधावयाचा, तर एका बाजूस उंच बुरूज उभारावा लागला असता किंवा दुसऱ्या बाजूचा डोंगर फोडावा लागला असता.

कोन्झेटने डोंगराला हात लावला नाही. डोंगर चढतो आहे, तर पुलानेही चढावे, असा मार्ग त्याने काढला. दोन्ही काठांवर पोलादी दोर पक्के बांधून त्यांना लाकडी जिनाच टांगला! सुमारे ५६ मीटर लांबीचा हा जिन्याचा पूल २००५ साली खुला झाला. टांगलेला पूल पावलागणिक डुलतो. म्हणून दोर ताणून घट्ट केले आणि पायऱ्यांखाली लांब लाकडी तुळया घालून पुलाला ताठपणा आणला. त्या तुळयांमुळे पायांखालची खोल घळ थेट नजरेस पडत नाही. त्यामुळे उंचीला भिणाऱ्या माणसालाही धीर येतो.

अरण्यात काही बांधावयाचे, तर आधी त्या जागेचे उतार, वृक्ष, पाऊस आणि कडे नीट पाहावे लागतात. पहिल्या पुलाच्या वेळी रस्ता न करता झाडे राखली गेली. दुसऱ्या पुलाच्या वेळी डोंगर न फोडता पुलालाच पायऱ्या आल्या. मधल्या अपयशाने काम थांबले नाही. त्याने पाहण्याची दृष्टी अधिक सावध केली. एके काळी ‘वाईट’ म्हणविलेल्या वाटेवरची ती घळ वाटसरूला पायी ओलांडता येऊ लागली, आणि भोवतालचे अरण्यही शाबूत राहिले.